एकाच स्टोरेजवर सॅस टाकून तीन सर्व्हरवर चालवता येतं का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या आयटी विभागात तीन नवे सर्व्हर आलेत. तिन्ही रेड हॅट लिनक्सचे, प्रत्येकी १६ कोअरचे, आणि सोबत एक स्टोरेज. त्यावर सॅस ९.४, म्हणजे डेटा विश्लेषणाचं सॉफ्टवेअर, बसवायचंय. एका सर्व्हरवर मेटाडेटा (युजर, सर्व्हर, डेटा यांच्या नोंदी ठेवणारा भाग) आणि वेबचा भाग, उरलेल्या दोघांवर प्रत्यक्ष आकडेमोड. तिथल्या मॅडम विचारतात, प्रत्येक मशीनवर वेगळं इन्स्टॉल करत बसण्यापेक्षा स्टोरेजवर एकदाच टाकलं आणि तिन्हीकडे माउंट केलं, म्हणजे फोल्डर म्हणून जोडलं, तर जमेल का? जागा वाचेल, पॅचही एकदाच मारावे लागतील. यंत्रणा जुळवून देणारा इंटिग्रेटर म्हणतो चालतंय, स्टोरेजवाला म्हणतो चालतंय, पण दोघांपैकी एकही लेखी द्यायला तयार नाही.

मॅडम, जमतं. मी स्वतः अशी मांडणी चालवतो. फक्त ‘सॅस शेअर्ड स्टोरेजवर ठेवायचं’ असा एकच निर्णय इथे नसतो. सॅसचे निदान पाच वेगवेगळे भाग डिस्कवर बसतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. पहिला डेपो, म्हणजे सॅसकडून उतरवून घेतलेली इन्स्टॉलेशनची सगळी सामग्री. दुसरा सासहोम, म्हणजे प्रोग्रॅम. तिसरा कॉन्फिगरेशन, ज्यात लेव्ह१ नावाचा फोल्डर असतो. चौथी वर्क, म्हणजे तात्पुरत्या फायलींची जागा. पाचवा तुमचा डेटा. यातले डेपो आणि सासहोम बिनधास्त सामाईक ठेवा. कॉन्फिगरेशन आणि वर्क प्रत्येक सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा. डेटा सामाईक ठेवावाच लागेल, पण त्याचं माउंट वेगळं करा. पुढे जे लिहितोय ते सगळं या वाटणीच्या पोटात आहे.

हे सगळं लिनक्ससाठी. विंडोजवर प्रत्येक मशीनच्या रजिस्ट्रीत आणि सर्व्हिसेसमध्ये नोंदी होतात, त्यामुळे तिथे सासहोम सामाईक करायचा विचारच सोडा.

सगळ्यात आधी स्टोरेजवाल्याशी बोला, कारण खरा घात तिथे होतो. त्याचं वाक्य ठरलेलं असतं: ‘साहेब, लन तिन्ही सर्व्हरला दिलाय, आता बिनघोर माउंट करा.’ लन म्हणजे स्टोरेजमधून कापून दिलेला, सर्व्हरला डिस्कसारखा दिसणारा तुकडा. त्याच्या बाजूनं ते खरंही आहे, तिन्ही सर्व्हरना तोच लन दिसतो. पण त्या लनवर तुम्ही एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) बनवून ती एकाच वेळी दोन सर्व्हरवर माउंट केलीत, तर डेटा खराब होणार म्हणजे होणारच. या फाइल सिस्टिम असं धरून चालतात की डिस्कवर लिहिणारे आपण एकटेच आहोत. कुठला ब्लॉक मोकळा आहे याचा हिशेब प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या मेमरीत ठेवतो. एकाच खतावणीत दोन कारकुनांनी एकमेकांकडे न बघता नोंदी कराव्यात, तसला प्रकार. वाईट हे की पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही. एका सर्व्हरवरून टाकलेली फाइल दुसऱ्यावर दिसतसुद्धा नाही, मग कुणीतरी अनमाउंट करून परत माउंट करतं, फाइल दिसते आणि सगळ्यांना वाटतं झालं काम. काही दिवसांनी फाइल सिस्टिम तपासायला घेतली की तुटलेल्या नोंदींची रांग लागते. म्हणून स्टोरेजवाल्याला ‘तिन्हीकडे दिसतं का?’ असं विचारू नका. ‘तिन्हीकडून एकाच वेळी लिहिता येईल अशी फाइल सिस्टिम यात आहे का, कुठली, आणि ती कोण सांभाळणार?’ असं विचारा.

अशा फाइल सिस्टिमचे रस्ते मोजकेच आहेत. एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटून देण्याची पद्धत, हा सगळ्यात सोपा. स्टोरेजमध्येच नॅसची, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याची, सोय असली तर तेच फाइल सर्व्हर बनतं. आयबीएमचं स्टोरेज स्केल (आधीचं स्पेक्ट्रम स्केल), ज्याला जुनी माणसं अजून जीपीएफएसच म्हणतात, हे सॅसच्या मोठ्या ग्रिडसाठी (अनेक सर्व्हरवर कामं वाटून देणाऱ्या मांडणीसाठी) कसाला उतरलेलं आहे. पण त्याचं लायसन्स वेगळं आणि ते जाणणारा माणूसही वेगळा लागतो. रेड हॅटचं जीएफएस२ बऱ्याच ठिकाणी चालतंय, तरी आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही. एक तर रेड हॅटनं आवृत्ती १० पासून ते ज्या ॲड-ऑनमध्ये येतं तेच थांबवलंय. दुसरं म्हणजे त्याला फेन्सिंग लागतं. एखादा सर्व्हर प्रतिसाद देईनासा झाला की उरलेले त्याची वीज तोडल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. ते नीट बसवलेलं नसेल तर एक सर्व्हर आजारी पडल्यावर तिन्ही गोठतात. तीन सर्व्हर आणि दोन-तीन माणसांच्या विभागाला माझं मत स्पष्ट आहे: एनएफएस घ्या, आवृत्ती ४ घ्या. आवृत्ती ३ मध्ये लॉकिंगसाठी वेगळ्या सेवा आणि वेगळी पोर्टं लागतात. फायरवॉलमध्ये त्यातलं एक राहिलं तर जॉब एरर न देता नुसता लटकून बसतो. आवृत्ती ४ ला एकटं २०४९ हे पोर्ट पुरतं.

आता युजर. इन्स्टॉलेशन ज्या खात्यातून करणार, सहसा त्याचं नाव सॅसच ठेवतात, त्याचा आणि त्याच्या ग्रुपचा क्रमांक तिन्ही सर्व्हरवर एकच हवा. नाव एक असून भागत नाही, कारण फाइलवर मालकी नावानं नाही, क्रमांकानं लिहिली जाते. तीन सर्व्हर तीन वेगळ्या दिवशी तयार झाले असतील तर क्रमांक हमखास वेगळे निघतात. इन्स्टॉल व्हायच्या आधी ते जुळवायला पाच मिनिटं लागतात. नंतर जुळवायचे म्हणजे लाखभर फायलींची मालकी बदलत बसायचं, आणि त्या नादात पुढे सांगतोय ती सेटयूआयडीची, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या अधिकारानं चालवणारी, खूणही उडते.

सासहोममध्ये, फाउंडेशनच्या युटिलिटीजखालच्या बिन फोल्डरात, तीन छोट्या फायली असतात: सासऑथ, सासपर्म आणि ईएलएसएसआरव्ही. या रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीच्या आणि सेटयूआयडी लावलेल्या असाव्या लागतात. त्यासाठी सॅसचं स्वतःचं सेटयूआयडी स्क्रिप्ट रूट म्हणून चालवायचं असतं. नॅस बहुतेक वेळा रूट स्क्वॅश चालू ठेवून येतं, म्हणजे सर्व्हरवरचा रूट तिथे पोचला की त्याला परका समजलं जातं. मग मालकी बदलतच नाही. त्यात माउंट करताना सुरक्षेच्या नावाखाली कुणी नोसूइड पर्याय टाकला असेल, तर खूण असूनही ती पाळली जात नाही. बाहेरून दिसतं ते असं: इन्स्टॉलेशन हिरव्या खुणांनी संपतं, सर्व्हर सुरू होतात, आणि एंटरप्राइज गाइड या सॅसच्या युजरसाठीच्या प्रोग्रॅममधून पहिल्या माणसानं पासवर्ड टाकला की प्रवेश नाकारला जातो. मग सगळे पासवर्ड बदलत बसतात. अशा वेळी पासवर्डला हात लावू नका. सासऑथ फाइलची लांब यादी काढा. मालक रूट आहे का आणि मालकाच्या परवानग्यांत एक्सच्या जागी एस दिसतोय का, एवढं बघा. दोन्ही ठीक असेल तर माउंटचे पर्याय बघा. इन्स्टॉलेशनपुरता त्या एका एक्सपोर्टवर (नॅसनं वाटलेल्या फोल्डरवर), त्या तीन सर्व्हरसाठी, रूट स्क्वॅश काढायला नॅसवाल्याला सांगा आणि काम झालं की परत चालू करा. हॉटफिक्सच्या, म्हणजे सॅसच्या पॅचच्या, वेळी परत लागेल, तेव्हा ही गोष्ट लिहून ठेवा.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. सासहोम सामाईक केलं म्हणजे इन्स्टॉलेशन एकदा होतं, पण सर्व्हरची तयारी तीनदाच करायची असते. लॉगिनसाठी पॅम (लिनक्सची पासवर्ड तपासणारी यंत्रणा) वापरत असाल तर सासऑथची पॅम फाइल प्रत्येक सर्व्हरच्या ईटीसीखाली असते, ती स्टोरेजवरून येत नाही. उघड्या फायलींची मर्यादा प्रत्येक सर्व्हरवर २०४८० पर्यंत वाढवावी लागते. लिनक्सची लागणारी पॅकेजेस, होस्टची नावं, घड्याळं सारखी ठेवणारी सेवा, सगळं तिन्हीकडे. पहिल्या कॉम्प्युट (आकडेमोडीच्या) सर्व्हरवर लॉगिन होतं आणि दुसऱ्यावर होत नाही, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा पॅमची फाइलच बघतो.

क्रम असा ठेवा. डेपो एनएफएसवर उतरवा आणि त्याची तपासणी करून घ्या. मग मेटाडेटा सर्व्हरवर डिप्लॉयमेंट विझार्ड, म्हणजे सॅसचा इन्स्टॉलर, चालवा. तो पूर्ण संपून सेवा सुरू झाली, ८५६१ पोर्टवर उत्तर देतेय हे बघितलं, की मगच पहिला कॉम्प्युट, त्यानंतर दुसरा कॉम्प्युट, आणि शेवटी वेबचा भाग. दोन सर्व्हरवरून एकाच सासहोमवर विझार्ड एकाच वेळी कधीही चालवू नका. काय-काय इन्स्टॉल झालंय याची नोंदवही सासहोममध्येच असते आणि दोघांनी तिला एकदम हात लावला की ती बिघडते. वेळ वाचवायला दोन इंजिनिअर दोन टर्मिनलवर बसतात, तेव्हा नेमकं हे घडतं. दुसऱ्या सर्व्हरवर विझार्ड तेच सासहोम ओळखतो, आधी असलेलं परत टाकत नाही, आणि कॉन्फिगरेशनकडे जातो. माउंटचा मार्ग तिन्हीकडे अक्षर न अक्षर सारखा हवा. विझार्डला दिलेली उत्तरं रिस्पॉन्स फाइलमध्ये नोंदवून घ्या. वर्षभरानं ‘त्या वेळी काय निवडलं होतं?’ या प्रश्नाला दुसरं कुठलंही उत्तर नसतं.

कॉन्फिगरेशनचा फोल्डर मात्र प्रत्येकाच्या लोकल डिस्कवर. मार्ग सारखा, डिस्क वेगळी. त्यात त्या-त्या मशीनचं नाव, पोर्टं, लॉग, सेवा सुरू-बंद करायची स्क्रिप्टं असतात. सॅस ग्रिड घेतलं तर तिथे नोड्ससाठी कॉन्फिगरेशन सामाईक ठेवायची रीतसर मांडणी आहे. तुमच्याकडे ग्रिड नाही, तेव्हा तो नियम इकडे आणू नका. मेटाडेटाची रिपॉझिटरीही लोकलच ठेवा, तिच्या बॅकअपची जागा तेवढी सामाईक करा. मेटाडेटाचं क्लस्टर कुणी सुचवलं तर त्याला किमान तीन नोड लागतात, आणि तिथेही प्रत्येक नोडचं कॉन्फिगरेशन वेगळंच असतं. तुम्हाला आत्ता त्याची गरज दिसत नाही.

आता वर्क. माझ्या मते यशापयश ठरतं ते इथे. सॅसची शिफारस आहे की प्रत्येक कोअरमागे सेकंदाला किमान १०० एमबी, आणि जड कामाला १५० एमबी वाचता-लिहिता आलं पाहिजे. तुमच्या १६ कोअरच्या एका सर्व्हरला झाले १६०० एमबी. दोन कॉम्प्युट मिळून ३२००. दहा गिगाबिटची एक नेटवर्क जोडणी कागदावर सेकंदाला १२५० एमबी देते, प्रत्यक्षात त्याहून कमीच. वर्क नॅसवर ठेवलंत तर एका सर्व्हरचीही भूक भागत नाही. आणि तुमचा भार सारखा पसरलेला नाही. दूध रोज दोन वेळा येतं, पण उत्पादकांची बिलं दहा दिवसांची. म्हणजे १, ११ आणि २१ तारखेला दोन्ही सर्व्हरवर प्रत्येक संस्थेचं, प्रत्येक उत्पादकाचं, फॅट आणि एसएनएफनुसार (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांनुसार) दर लावून सॉर्ट आणि बेरजा एकदम सुटणार. एरवी नीट चालणारी यंत्रणा त्या तीन दिवशीच गुदमरते आणि दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांवर येतो.

उपाय महाग नाही. प्रत्येक कॉम्प्युट सर्व्हरमध्ये दोन-चार एनव्हीएमई (वेगवान फ्लॅश) डिस्क बसवा आणि वर्क आणि युटिललॉक (सॉर्टसारख्या कामांच्या तात्पुरत्या फायलींची जागा) तिकडे वळवा. वर्कमधलं काहीही जपायचं नसतं, त्यामुळे वेगासाठी रेड ०, म्हणजे सुरक्षेची प्रत न ठेवता डिस्क एकत्र जोडणं, चालेल. फक्त त्या डिस्कपैकी एक गेली की चालू जॉब परत चालवावे लागतील, हे सगळ्यांना माहीत असू द्या. जागा मोजताना लक्षात घ्या की मोठा सॉर्ट मूळ डेटाच्या दोन-तीन पट जागा मागतो. मध्येच मेलेल्या जॉबचे वर्क फोल्डर मागे राहतात. ते झाडायला सॅसचं क्लीनवर्क आहे, रोज रात्री क्रॉनमधून (लिनक्सच्या वेळापत्रकातून) लावा. वर्क लोकल असल्याचा इथेही फायदा होतो. कुठला फोल्डर जिवंत जॉबचा आणि कुठला मेलेल्याचा, हे त्या-त्या सर्व्हरलाच कळतं.

खरेदीचा हिशेब चुकता करण्याआधी वेग मोजून घ्या. रेड हॅटवर चालणारी आयओ तपासणीची स्क्रिप्ट सॅसनंच दिलेली आहे. स्टोरेजवाला त्याच्या लॅपटॉपवरून दोन जीबीची फाइल कॉपी करून दाखवेल, ती ग्राह्य धरू नका. सर्व्हरच्या मेमरीत मावणारी फाइल मेमरीचाच वेग दाखवते, डिस्कचा नाही. चाचणीची फाइल मेमरीपेक्षा मोठी हवी, आणि दोन्ही कॉम्प्युट सर्व्हरवरून एकाच वेळी चालवलेली हवी.

डेटाच्या माउंटला वेगळं ठेवा म्हटलं, त्याचं कारण एनएफएसची सवय. फाइलचा आकार, वेळ वगैरे माहिती क्लायंट, म्हणजे माउंट करणारा सर्व्हर, काही सेकंद आपल्याकडे साठवून ठेवतो. लिनक्सवर नेहमीच्या मांडणीत हा काळ फायलींसाठी ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरसाठी ३० ते ६० सेकंद असतो. सकाळचं संकलन पहिल्या सर्व्हरनं लिहून संपवलं आणि लगेच दुसऱ्या सर्व्हरवरचा जॉब ते वाचायला गेला, तर त्याला फाइल सापडत नाही किंवा कालची दिसते. दहा वेळा बरोबर चालून अकराव्या वेळी चुकतं, म्हणून हा दोष शोधायला फार त्रास होतो. डेटाच्या माउंटवर हा काळ कमी करा आणि दोन सर्व्हरमधल्या साखळी जॉबमध्ये थोडं अंतर ठेवा. सासहोमच्या माउंटवर मात्र तो तसाच राहू द्या. तिथल्या फायली बदलत नाहीत आणि कॅश काढला तर प्रत्येक सॅस सेशन सुरू व्हायलाच वेळ लागेल. दोन्ही माउंट हार्डच ठेवा, म्हणजे स्टोरेज उत्तर देईपर्यंत वाट बघणारे. सॉफ्ट, म्हणजे ठराविक वेळानं प्रयत्न सोडणारे, ठेवले तर नेटवर्क क्षणभर अडकल्यावर लिहिणं अर्धवट सुटतं आणि फाइल अपुरी राहते. बिलाच्या डेटात ते परवडणारं नाही. एकाच डेटासेटवर दोन सर्व्हरवरून एकाच वेळी लिहिण्याची मुभा साध्या सॅसमध्ये नाही, दुसऱ्याला लॉकची एरर येईल आणि ती येणं योग्यच आहे. तालुकावार वेगळे डेटासेट करा आणि शेवटी जोडा.

हॉटफिक्स एकदाच मारायचे हे खरं, पण त्या वेळी तिन्ही सर्व्हरवरच्या सगळ्या सॅस सेवा बंद हव्यात. ज्या सर्व्हरवरून हॉटफिक्स मारताय तिथेच एखादं सेशन चालू राहिलं तर बदललेल्या फायलींच्या जागी एनएफएस या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, ठिपका लावलेल्या लपलेल्या फायली दिसू लागतात. त्या दिसल्या की समजायचं कुणीतरी अजून जुनी फाइल धरून बसलंय. त्या पुसू नका, तो प्रोसेस शोधा. म्हणजे एका सर्व्हरवर आधी पॅच लावून बघू, ही सोय या मांडणीत जाते. ती हवी असेल तर चाचणीसाठी वेगळं सासहोम ठेवा. आणि लायसन्सबद्दल: प्रोग्रॅमची प्रत एक असली तरी लायसन्स किती सर्व्हर आणि किती कोअरचं आहे, हे करारातच बघा. सामाईक स्टोरेजमुळे चौथा सर्व्हर फुकटात जोडता येत नाही.

अजून खरेदी झाली नसेल तर व्हाया या सॅसच्या नव्या पिढीचाही विचार करा. ती २०२० पासून कुबरनेटिसवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालते. तिथे मांडणी वेगळी असली तरी अनेक पॉडना (कंटेनरच्या गटांना) एकदम लिहिता येईल अशी जागा आणि प्रत्येक नोडची वेगवान तात्पुरती जागा, ही वाटणी तशीच राहते. पण कुबरनेटिस सांभाळणारा माणूस हाताशी नसेल तर ९.४ वर समाधानानं राहा.

आता आपल्या भागापुरतं. वीज जाऊन आली की सर्व्हर नॅसच्या आधी उठतात. ऑब्जेक्ट स्पॉनर, म्हणजे युजरची सॅस सेशन सुरू करून देणारी सेवा, सासहोम शोधतो, ते नसतं, आणि सेवा पडते. माउंटला नेटवर्कची वाट बघायला लावा आणि सॅसच्या सेवा त्या माउंटवर अवलंबून आहेत असं सिस्टमडीत (लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेत) लिहा. माउंट न झालेल्या अवस्थेत रिकाम्या फोल्डरवर कुणालाच लिहिता येऊ नये अशी परवानगी लावा. नाहीतर रात्रीचा जॉब डेटा थेट रूट डिस्कवर ओततो, सकाळी माउंट झाल्यावर तो झाकला जातो, आणि डिस्क कशानं भरली हे कुणाला कळत नाही.

पुराचं तर सांगायला नको. २०१९ ला आणि परत २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याकडची वाट बंद झाली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. पण त्या दिवसांत सर्व्हर रूम कोरडी असली तरी स्टोरेजचा कंट्रोलर घेऊन येणारा इंजिनिअर पोचत नाही. एका स्टोरेजवर तीन सर्व्हर टांगले की तो कंट्रोलर म्हणजे सगळी यंत्रणा. म्हणून दोन कंट्रोलरचंच स्टोरेज घ्या, सुट्या डिस्क इथेच ठेवा, आणि डेपो, प्लॅन फाइल (कुठल्या सर्व्हरवर काय बसवायचं याचा आराखडा), रिस्पॉन्स फायली, मेटाडेटाचा बॅकअप आणि तिन्ही सर्व्हरची कॉन्फिगरेशन यांची प्रत नदीच्या पट्ट्याबाहेर रोज जाऊ द्या. ती प्रत दुसऱ्या ठिकाणी उभी करायची वेळ आली तर पहिला अडथळा होस्टच्या नावांचा येतो, कारण कॉन्फिगरेशनमध्ये ती जागोजाग कोरलेली असतात. सॅसच्या डिप्लॉयमेंट मॅनेजरमध्ये ती नावं बदलायची सोय आहे, पण पाऊस कोसळत असताना ते करण्यापेक्षा आत्ताच, विझार्ड पहिल्यांदा चालवण्याआधी, सर्व्हरना डीएनएसमध्ये कामाची टोपणनावं द्या आणि विझार्डला तीच सांगा.